वजन बेताचं, तरी रिपोर्ट बिघडलेले: एकाच स्वयंपाकघरातल्या दोघांची गोष्ट

ताई, तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला, कारण त्यात खरं तर दोन प्रश्न आहेत. तुम्ही लिहिलंय ते थोडक्यात असं: मिस्टर ३९ वर्षांचे, उंची १६८ सेंटिमीटर, वजन ६७ किलो. कंपनीच्या तपासणीत त्यांची फास्टिंग शुगर ११२, ट्रायग्लिसराइड २६४, एचडीएल ३४ आणि सोनोग्राफीत फॅटी लिव्हर ग्रेड १. तिथले डॉक्टर म्हणाले, वजन कमी करा. घरी सगळे हसले, ‘हा कुठे जाड आहे?’ तुम्ही स्वतः ३६ वर्षांच्या, उंची १५८, वजन ७२. त्याच तपासणीत तुमचे सगळे आकडे नॉर्मल. दोघांचं जेवण एकाच स्वयंपाकघरातलं. सासूबाई रोज तुम्हाला ‘भात कमी खा’ म्हणतात आणि मुलाच्या भातावर तूप वाढतात. शेवटी तुम्ही विचारलंय, ‘लॅबने रिपोर्ट अदलाबदल केले असतील का?’ आणि ‘चपाती-भात बंद करायचा का?’

रिपोर्ट बदललेले नसावेत. हे चित्र आमच्या ओपीडीत इतकं नेहमीचं आहे की तुमचा मजकूर अर्धा वाचूनच पुढचे आकडे मला अंदाजाने सांगता आले असते. मी २५ वर्षं कराडच्या बाजूला फिजिशियन म्हणून काम करतोय. सुरुवातीची काही वर्षं मीही काट्याकडे बघूनच माणसाला लठ्ठ किंवा सडपातळ ठरवायचो. एका पतसंस्थेत वसुलीचं काम करणारे एक गृहस्थ किरकोळ तक्रारींसाठी माझ्याकडे यायचे. वजन ६१ किलो, हातपाय काटकुळे, शर्ट बाहेर सोडलेला. तीन वर्षांत मी त्यांची कंबर एकदाही मोजली नाही. बेचाळिसाव्या वर्षी त्यांना हार्ट अटॅक आला, आणि तेव्हाच पहिल्यांदा कळलं की साखर २४० आहे. ते वाचले. पण त्या दिवसापासून माझ्या टेबलाच्या खणात शिंप्याची टेप असते, आणि वजनकाट्याआधी ती बाहेर येते.

तुम्हीही आधी तेच करा. मिस्टरांना सरळ उभं करा, शर्ट वर घ्यायला सांगा. सगळ्यात खालची बरगडी आणि कमरेच्या हाडाची वरची कड, या दोन्हींच्या मधोमध टेप आडवी धरा. पोट आत ओढू देऊ नका, श्वास सोडल्यावर आकडा वाचा. पँटचा नंबर सांगून भागत नाही. पोट सुटलं की माणूस पट्टा पोटाच्या खाली बांधू लागतो आणि दहा वर्षं ‘माझी कंबर चौतीसच आहे’ असं सांगत राहतो. भारतीय पुरुषाची कंबर ९० सेंटिमीटरच्या आत आणि स्त्रीची ८० च्या आत असावी. आणखी सोपं माप म्हणजे कंबर उंचीच्या निम्म्याहून कमी हवी. मिस्टरांच्या बाबतीत तो आकडा ८४ होतो. त्यांची कंबर ९० च्या वर निघेल असं मला वाटतं. बीएमआय (उंचीच्या मानाने वजन किती, हे सांगणारा आकडा) काढला तर २३.७ येतो. शाळेत शिकवलेल्या जुन्या तक्त्यात २५ पर्यंत सगळं ठीक असायचं, पण आपल्या लोकांसाठी २००९ सालापासून २३ च्या पुढे जादा वजन आणि २५ च्या पुढे लठ्ठपणा धरला जातो.

हे वेगळे आकडे आपल्यासाठीच का? यातलं बरंचसं उत्तर आपल्या पुण्यातून आलेलं आहे. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचा फोटो छापला. दोघांचाही बीएमआय अगदी सारखा, २२.३. पण अंगातली चरबी मोजली तेव्हा युडकिन यांची ९.१ टक्के भरली आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. कपडे घातलेले दोघे शेजारी उभे राहिले तर कुणालाच फरक कळला नसता.

याची मुळं जन्माच्याही आधी जातात. १९९३ साली पुण्याजवळच्या सहा गावांत गरोदर बायांचा एक मोठा अभ्यास सुरू झाला. दिवसभर शेतात राबणाऱ्या, बेताचं खाणाऱ्या बाया. त्यांची बाळं सरासरी २.७ किलोची, तर इंग्लंडमधल्या साउथॅम्प्टनची ३.५ किलोची. आपली बाळं सगळ्याच मापांत लहान भरली: पोटाचा घेर कमी, दंड बारीक, स्नायू कमी. पण पाठीवरच्या कातडीची चिमटीत धरून मोजलेली जाडी जवळजवळ तिथल्या बाळांइतकीच होती. म्हणजे आईच्या पोटात टंचाई सोसलेल्या बाळाने स्नायूंवर आणि अवयवांवर काटकसर केली, चरबी मात्र राखून ठेवली. असं बाळ मोठं होऊन पुरेसं खाऊ लागलं, खुर्चीवर बसून काम करू लागलं, की अंगाने बारीक आणि आतून चरबीने भरलेलं असा माणूस तयार होतो. सासूबाईंना एकदा सहज विचारा, मुलगा जन्मला तेव्हा किती किलोचा होता आणि त्या दिवसांत त्या काय खात होत्या. दोष देण्यासाठी नाही. त्या काळात बाईच्या ताटात सगळ्यांचं झाल्यावर उरेल तेच यायचं.

आता एकाच घरातल्या दोघांचे रिपोर्ट वेगळे का, ते सांगतो. जुन्या वाड्यात धान्याची कणगी असायची ना, तशी कातडीखालची चरबी ही शरीराची कणगी आहे. जास्तीचं खाल्लेलं तिथे नीट साठतं, कुणाला त्रास देत नाही. तुमची कणगी मोठी आहे. मांड्या, नितंब, दंड यांत पुष्कळ जागा आहे, आणि पाळी चालू असेपर्यंत स्त्रीचे हार्मोन चरबी तिकडेच पाठवतात. मिस्टरांची कणगी लहान. ती तिशीतच भरली. मग पोती माजघरात, देवघरात, चुलीपाशी रचावी लागतात, तशी त्यांची चरबी आतड्यांभोवती, लिव्हरमध्ये, स्वादुपिंडात जाऊन बसली. तुमच्यापेक्षा पाच किलोंनी हलका असूनही त्रास त्यांना होतोय तो यामुळे. इंग्लंडमधल्या न्यूकॅसलचे मधुमेह-संशोधक रॉय टेलर हीच गोष्ट अशी मांडतात की प्रत्येकाची चरबी साठवण्याची आपापली मर्यादा असते आणि ती ओलांडली की साखर बिघडते, मग काटा काहीही दाखवो.

हे लक्षात घेऊन त्यांचा रिपोर्ट पुन्हा वाचा. रात्री आपण झोपलेलो असताना लिव्हर थोडी थोडी साखर रक्तात सोडत असतं, आणि ‘आता पुरे’ हा निरोप त्याला इन्शुलिन देतं. चरबीने भरलेलं लिव्हर तो निरोप नीट ऐकत नाही, म्हणून सकाळची उपाशीपोटीची साखर ११२. (१०० ते १२५ म्हणजे मधुमेहाचा उंबरठा.) तेच लिव्हर जास्तीची चरबी रक्तात ढकलतं, ती दिसते ट्रायग्लिसराइड २६४ म्हणून. ट्रायग्लिसराइड वाढलं की चांगलं कोलेस्टेरॉल, म्हणजे एचडीएल, घसरतं, ते ३४. चार ओळी, चार वेगळे आजार नव्हेत. बिघाड एकच आहे, आणि तो चार ठिकाणी दिसतोय. जाता जाता त्यांच्या मानेच्या मागे, कॉलरच्या खाली बघा. तिथे काळपट, मखमलीसारखा जाडसर पट्टा असेल तर ती इन्शुलिनचं न ऐकण्याची खूण असते. आयांनी मुलांच्या माना डाळीच्या पिठाने घासून घासून लाल केलेल्या मी पाहिल्यात. तो मळ नसतो, त्यामुळे घासून जात नाही.

अशी माणसं थोडी नाहीत. आयसीएमआर, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचा, देशभराचा मोठा अभ्यास २०२३ साली प्रसिद्ध झाला. त्यात बीएमआयने लठ्ठ ठरणारे लोक २५.४ कोटी आणि पोटाच्या घेराने लठ्ठ ठरणारे ३५.१ कोटी निघाले. या दोन आकड्यांमधल्या फरकात तुमच्या मिस्टरांसारखे पुष्कळजण आहेत, ज्यांना कुणी कधी जाड म्हटलेलं नाही.

मग तुमचं काय? तुमचे आकडे आज चांगले आहेत याचा मला मनापासून आनंद आहे, पण ‘नॉर्मल’ला कायमचं समजू नका. तुमचा बीएमआय २८.८ आहे. साखर-चरबीचा त्रास कणगीने आज रोखून धरलाय, पण वजनाचा भार हा वेगळा हिशोब. गुडघ्याचंच घ्या: वजन एक किलो कमी झालं तर चालताना प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा दाब साधारण चार किलोंनी कमी होतो, असं मोजून पाहिलेलं आहे. दिवसाची पाच हजार पावलं धरली तर हिशोब तुम्हीच करा. रक्तदाब, पाळीची अनियमितता, पित्ताशयातले खडे, घोरणं आणि झोपेत श्वास अडकणं, पुढे पाळी गेल्यावर स्तनाचा आणि गर्भाशयाच्या अस्तराचा कॅन्सर, या सगळ्यांशी वाढलेल्या वजनाचा संबंध आहे. आणि पाळी जाण्याच्या वयात चरबीचा मुक्काम मांड्यांवरून पोटाकडे सरकू लागतो. तुमची कंबर ८० च्या किती पुढे आहे, ते त्याच टेपने आजच लिहून ठेवा.

एक गोष्ट मात्र ठामपणे सांगतो. तुमचं वजन ही तुमच्या जिभेची किंवा आळसाची पावती नाही. जुळ्या भावंडांच्या अभ्यासांतून दिसतं की माणसामाणसांतल्या वजनाच्या फरकाचा साधारण ४० ते ७० टक्के भाग जन्मतःच मिळालेला असतो. चरकसंहितेतसुद्धा अतिस्थौल्याची कारणं सांगताना गोड-स्निग्ध खाणं, व्यायाम नसणं, दिवसा झोपणं यांच्या जोडीला ‘बीजस्वभाव’, म्हणजे आईवडिलांच्या बीजातूनच आलेला स्वभाव, हा शब्द आलेला आहे. १९९४ साली न्यू यॉर्कच्या जेफ्री फ्रीडमन यांच्या प्रयोगशाळेत लेप्टिन या चरबीच्या पेशींतून येणाऱ्या हार्मोनचं जनुक सापडलं आणि चरबीच्या पेशी मेंदूला सतत हिशोब कळवत असतात हे समजलं. आपण वजन उतरवलं की लेप्टिन कमी होतं, मेंदूला वाटतं दुष्काळ पडला, भूक वाढते आणि शरीर खर्च आखडतं. म्हणूनच उतरलेलं वजन पुन्हा चढतं. अशा वेळी घरातलं माणूस ताटाकडे बघून बोललं की काय होतं, ते मी बायकांकडूनच ऐकलंय: चारचौघांत अर्धी चपाती खायची आणि सगळे झोपल्यावर ओट्यापाशी उभं राहून डब्यातला चिवडा. याने कुणाचंच वजन उतरलेलं मी पाहिलेलं नाही.

आता चपाती-भाताचं. बंद करू नका. मिस्टरांचं दिवसाचं खाणं तुम्ही लिहिलंत ते फार बरं केलंत: सकाळी पोहे, दिवसभरात पाच चहा आणि सोबत खारी नाहीतर बिस्किटं, डब्यात चार चपात्या आणि बटाट्याची किंवा फळभाजी, रात्री दहाला दोन चपात्या, दोन वाट्या भात आणि पातळ आमटी. यात मला आधी दिसतो तो चहा. कपात दोन चमचे धरले तर पाच कपांत ५० ग्रॅम साखर, म्हणजे २०० कॅलरी. जागतिक आरोग्य संघटना वरून घातलेली साखर शक्यतो दिवसाला २५ ग्रॅमच्या आसपास ठेवा म्हणते, ही नुसत्या चहातच दुप्पट झाली. आणि लिव्हरमध्ये चरबी तयार होण्यासाठी साखर आणि मैदा हा अगदी आयता माल आहे. पाच चहांचे दोन करा, कपात अर्धा चमचा, खारी घरात आणूच नका. एकदम बिनसाखरेचा चहा देऊ नका, माणूस टपरीवर जाऊन पितो.

दुसरं म्हणजे या ताटात प्रथिनं फार कमी आहेत. मी ढोबळ बेरीज केली तर ४० ग्रॅमच्या पुढे जात नाही, आणि त्यांना ६५ च्या आसपास हवीत. आमटी घट्ट करा, वाटी भरून. डब्यातली एक चपाती कमी करून त्या जागी मटकीची उसळ द्या. सकाळी पोह्यांसोबत दोन अंडी, खात नसतील तर वाटीभर घट्ट दही किंवा भिजवलेले हरभरे. पोट भरलं की पाचचा चहा आपोआप मागे पडतो. तेलाचं माप काट्याने नाही, डब्याने घ्या: महिन्याला माणशी अर्धा लिटर, आणि डब्यावर आणल्याची तारीख लिहा. तुमच्या घरी पाच माणसं आहेत आणि पाच लिटर संपतं असं तुम्हीच लिहिलंय. ते दुप्पट झालं.

तिसरं, रात्रीचं दहाचं जेवण. ते कामावरून उशिरा येतात हे मला मान्य आहे, आणि इथे प्रत्येक घराची अडचण वेगळी. जमत नसेल तर सहा-साडेसहाला त्यांना कामावरच डब्यातलं थोडं पोटभरीचं खाऊ द्या, घरी येऊन फक्त घट्ट वरण आणि भाजी. मग शतपावली. शंभर पावलं नव्हे, पंधरा मिनिटं. जेवल्यानंतर चालणारे स्नायू रक्तातली साखर खेचून घेतात, आणि जेवणानंतरची साखर साठवायची सगळ्यात मोठी जागा स्नायूच असतात. त्यांचे स्नायू जन्मापासूनच बेताचे असल्यामुळे नुसतं चालून भागणार नाही. आठवड्यातून तीन दिवस जोर-बैठका घाला म्हणावं. पहिल्या आठवड्यात खुर्ची धरून दहा बैठका, भिंतीला हात टेकून दहा जोर. दोन महिन्यांत कुणीही पन्नासवर येतो. हे तुम्हालाही लागू आहे, फक्त गुडघे दुखत असतील तर खुर्चीवरून उठणं-बसणं यापासून सुरुवात करा.

किती उतरवायचं? मिस्टरांनी चार-पाच किलो, तीन-चार महिन्यांत. एवढंसं वाटतं, पण लिव्हरमधली चरबी सगळ्यात आधी निघते. टेलर यांच्याच गटाने अंगाने फारसे जाड नसलेले २० मधुमेही निवडले, सरासरी बीएमआय पंचविसाच्या जवळ. वजन सरासरी साडेसहा टक्क्यांनी उतरल्यावर त्यातल्या १४ जणांचा मधुमेह औषधांशिवाय आटोक्यात आला. हे २०२३ साली प्रसिद्ध झालं. तुमचे मिस्टर तर अजून उंबरठ्यावरच आहेत. तुमच्यासाठी मी सुरुवातीला पाच किलो सांगेन आणि तिथे सहा महिने टिकवायला सांगेन, कारण अवघड भाग तो आहे.

काही गोष्टी मला इथून ठरवता येणार नाहीत. मिस्टर ‘कधीतरी’ पितात असं तुम्ही लिहिलंय. लिव्हरच्या बाबतीत ‘कधीतरी’ म्हणजे नेमकं किती, हे त्यांनी डॉक्टरांना खरं सांगावं. तंबाखू असेल तर ती सगळ्यात आधी. ते जोरात घोरतात का, दुपारी गाडी चालवताना डुलकी येते का, ते तुम्हालाच माहीत. कुणाला दम्यासाठी किंवा सांधेदुखीसाठी स्टेरॉइडच्या गोळ्या चालू असतील, मानसिक आजाराची किंवा फिट्सची काही औषधं असतील, तर वजन त्यानेही वाढतं. ती मनाने बंद करायची नाहीत, डॉक्टरांना फक्त आठवण करून द्यायची. थायरॉइड दोघांचंही एकदा तपासा. पण थायरॉइडमुळे वाढणारं वजन बहुतेक दोन ते चार किलोंचं असतं, बराचसा भाग पाण्याचा. गोळी सुरू करून पंधरा किलो उतरतील ही आशा धरू नका.

इंजेक्शनांबद्दलही विचारलंय. २०२५ साली आपल्याकडे वजन उतरवणारी आठवड्याची इंजेक्शनं आली आणि ती खरोखर काम करतात, मी योग्य पेशंटना देतोही. मिस्टरांना आज त्यांची गरज नाही. त्यात चरबीबरोबर स्नायूही कमी होतात, आणि त्यांच्याकडे स्नायूंचीच टंचाई आहे. जाहिरातीतल्या पुड्या आणि शेक यांच्या मात्र वाटेलाच जाऊ नका. ते घेऊन डोळे पिवळे झालेले लोक माझ्याकडे भरती झालेत.

मिस्टरांसाठी आत्ता करायच्या तपासण्या: एचबीए१सी (साधारण तीन महिन्यांची सरासरी साखर), रक्तदाब, एसजीओटी-एसजीपीटी (लिव्हरसाठीच्या रक्ततपासण्या), प्लेटलेट्स, हिपॅटायटिस बी आणि सी. यातल्या काही आकड्यांवरून आणि वयावरून लिव्हरला वण पडू लागलेत का, याचा अंदाज तुमचे डॉक्टर काढतील. मग बारा आठवड्यांनी साखर आणि ट्रायग्लिसराइड पुन्हा. टेप मात्र दर रविवारी, सकाळी चहाच्या आधी, दोघांचीही. आकडे भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहा. छातीत दाब, चालताना धाप, खूप तहान-लघवी यांपैकी काही सुरू झालं तर बारा आठवडे थांबायचं नाही.

आणि तुमच्या बाळंतपणाची फाईल कपाटातून काढून बघा. गरोदरपणात साखर तपासली होती का, आणि वाढलेली निघाली होती का? ती वाढली असेल तर पुढे मधुमेह होण्याची शक्यता अनेक पटींनी जास्त असते. मग आजचा नॉर्मल रिपोर्ट हातात असला तरी दरवर्षी तपासणी तुमचीही करावी लागेल. मुलांची जन्मवजनंही त्याच फाईलमध्ये असतील, ती टिपून ठेवा.